वाडीपासून पिंपापर्यंत: रे रोड परिसरातील फळझाडांचा इतिहास

मुंबई बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, माझगावपासून शिवडीपर्यंतच्या पट्ट्यात, फळझाडे लावण्याची परंपरा निदान चारशे वर्षांची आहे. आज या पट्ट्याच्या मध्यावर रे रोड स्थानक आहे. भोवती गोदामे, लाकडाच्या वखारी, दारूखान्यातली जुन्या जहाजांच्या सामानाची दुकाने, मालमोटारींच्या रांगा आणि बंदराची कुंपणे आहेत. जमिनीत रुजलेले फळझाड इथे क्वचितच दिसते. फळे धरतात ती कुंडीत, डब्यात, अर्ध्या कापलेल्या पिंपात किंवा गच्चीवर विटा रचून केलेल्या वाफ्यात. हा बदल ऊन-पावसाने घडवलेला नाही. जमीन कोणाच्या ताब्यात गेली, ती कशाची बनली आणि लावणाऱ्याच्या हाती ती किती वर्षे राहते, या तीन गोष्टींनी तो घडवला. त्यामुळे या परिसरातल्या फळांचा इतिहास जमिनीच्या इतिहासाला धरूनच पाहावा लागतो.

माझगावचे आंबे

मुंबईच्या सात बेटांपैकी माझगाव हे एक. पोर्तुगीज अमलात १५७२ मध्ये ते डिसूझा घराण्याला वंशपरंपरेने मिळाले. किनाऱ्याला कोळ्यांची वस्ती, आत भातखाचरे आणि त्यांच्या कडेने नारळ, ताड व आंब्याच्या वाड्या, अशी त्या बेटाची ठेवण होती. नारळवाडी, ताडवाडी, अंजीरवाडी ही नावे माझगाव-रे रोड भागात अजून चालतात. गिरगावात फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी आहेत, तर पश्चिमेला थोड्याच अंतरावर चिंचपोकळी आहे. कुठल्या भागात कशाची लागवड होती याचा हा ढोबळ नकाशाच आहे.

या सगळ्यांत नाव झाले ते माझगावच्या आंब्याचे. १८०९ च्या सुमारास मुंबईत राहिलेल्या मारिया ग्रॅहॅम या इंग्रज बाईंनी १८१२ मध्ये आपली रोजनिशी प्रसिद्ध केली. माझगावातल्या ज्या मूळ झाडावरून बाकीची कलमे बांधली गेली, त्यावर फळांच्या हंगामात शिपायांचा पहारा असे, असे त्या रोजनिशीत नमूद आहे. शहाजहानच्या पंक्तीला या किनाऱ्यावरचे आंबे ताजे मिळावेत म्हणून दिल्लीपर्यंत हरकाऱ्यांची डाक बसवलेली होती, अशी आख्यायिकाही त्या सांगतात. आयरिश कवी टॉमस मूर याने १८१७ च्या आपल्या 'लल्ला रूख' या काव्याच्या टिपांत हीच माहिती घेतली आणि माझगावचा आंबा इंग्लंडच्या वाचकांपर्यंत पोचला. माझगावातली काही झाडे वर्षातून दोनदा, म्हणजे नाताळाच्या सुमारास आणि पुन्हा मे महिन्यात, फळत असल्याच्या नोंदीही जुन्या वर्णनांत सापडतात.

वंशपरंपरेने मिळालेली जमीन आणि आंबा यांचा संबंध सरळ आहे. आंब्याच्या रायवळ रोपाला फळ धरायला सात-आठ वर्षे लागतात आणि पुढे ते झाड दोन-तीन पिढ्यांना पुरते. जमीन नातवाकडे जाणार याची खात्री असेल तोच माणूस आजोबांच्या वयात आंबा लावतो. माझगावात ती खात्री होती, म्हणून तिथे आमराया उभ्या राहिल्या.

कलमाची कुंडी

जमिनीची टंचाई येण्याच्या कितीतरी आधीपासून फळबागेत कुंडीचे काम होते. ते कलम बांधण्याचे.

आंब्याची कोय रुजवली तर आईसारखेच फळ मिळेल याचा भरवसा नसतो. गोव्यात पोर्तुगीजांच्या, विशेषतः जेजुइट पाद्र्यांच्या, काळात आंब्याच्या कलमांना मोठी चालना मिळाली. अफोंसो म्हणजे आपला हापूस, पायरी, मानकुराद अशा जाती कलमांमुळेच टिकल्या आणि किनाऱ्याने वर सरकल्या. कोकणात जी पद्धत दीर्घकाळ चालली ती भेटकलमाची. कोयीपासून वाढवलेले रायवळ रोप छोट्या मडक्यात किंवा कुंडीत ठेवायचे. ती कुंडी मातृवृक्षाजवळ नेऊन, लागल्यास मांडव घालून, फांदीच्या उंचीवर चढवायची. रोपाची आणि फांदीची साल समोरासमोर तासून दोन्ही एकत्र बांधायची. दोन-तीन महिन्यांत जोड एकजीव झाला की खुंटरोपाचा शेंडा आणि फांदीचा बुंधा छाटायचा. मग जातिवंत शेंडा आणि रायवळ मूळ असलेले रोप कुंडीसकट दुसऱ्या गावी नेता येई. एका झाडाला जितक्या कुंड्या टांगता येतील तितकीच कलमे मिळत. मूळ झाडावर पहारा ठेवण्यामागे फळांइतकेच कलमांचेही मोल असणार. पुढे कोयकलमाची पद्धत रुळली. कोवळ्या रोपावरच काडी बसवता येऊ लागली आणि कुंड्या झाडावर चढवण्याची गरज उरली नाही.

कलमाने आणखी एक गोष्ट साधली, तिचे महत्त्व फार नंतर उमगले. कलमी झाड रोपापेक्षा लवकर फळते आणि आकाराने आटोपशीर राहते. लिंबू, डाळिंब, पेरू यांची गुटी कलमे आणि रायणीच्या खुंटावर बांधलेला चिकू दोन-तीन वर्षांत फळ देऊ लागतात. कोयीचा आंबा पिंपात वाढवण्यात काही अर्थ नसतो, पण कलमी आंबा वाढवता येतो. आजची गच्चीवरची फळबाग या जुन्या विद्येवरच उभी आहे.

शिवडीची बाग आणि तिचे स्थलांतर

एकोणिसाव्या शतकात या पट्ट्यात फळझाडांकडे शास्त्रीय नजरेने पाहणारी संस्था आली. अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था १८३० मध्ये स्थापन झाली आणि १८३५ मध्ये सरकारने तिला शिवडीला वनस्पतिबागेसाठी जागा दिली. परदेशी व देशी झाडे लावून पाहणे, त्यांतली उपयोगी कोणती ते ठरवणे आणि त्यांचा प्रसार करणे हा तिचा हेतू होता.

त्या काळी दूरदेशीची झाडे बोटीवरून आणणे मोठे जिकिरीचे होते. खारे वारे, उन्हाची तिरीप आणि गोड्या पाण्याची टंचाई यांत बहुतेक रोपे वाटेतच मरत. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी १८३० च्या सुमारास बंद काचपेटीची युक्ती शोधली. पेटीतल्या मातीतून उडालेली वाफ काचेवर जमून पुन्हा मातीत ठिबकते, त्यामुळे महिनोन्महिने पाणी घालावे लागत नाही. १८३३ मध्ये अशा दोन पेट्या सिडनीला सुखरूप पोचल्या आणि पुढे जगभरच्या वनस्पतिबागांनी ही पद्धत उचलली. बंदराशेजारी वनस्पतिबाग असण्याची सोय त्या काळात मोठी होती.

शिवडीची बाग मात्र टिकली नाही. वाढत्या शहराला ख्रिस्ती दफनभूमीसाठी जागा हवी होती आणि १८६५ मध्ये म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात ती जागा दफनभूमीकडे गेली. त्याआधीच, १८६१ मध्ये, माझगावच्या माउंट इस्टेटवर ३३ एकरांची नवी बाग आखायला सुरुवात झाली होती. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती खुली झाली. हीच व्हिक्टोरिया गार्डन्स, म्हणजे लोकांच्या तोंडची राणीची बाग आणि आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. १८७३ मध्ये संस्था विसर्जित झाली आणि बागेची व्यवस्था नगरपालिकेकडे आली. राणीच्या बागेत पालिका भरवत असलेल्या वार्षिक उद्यानविद्या प्रदर्शनात फळांनी लगडलेल्या कुंड्या हे एक कायमचे आकर्षण असते. रे रोडहून ही बाग फार लांब नाही.

शिवडीच्या बागेचे उदाहरण या परिसराला पुढेही लागू पडले. सरकारने दिलेली जागा सरकारच्या दुसऱ्या गरजेसाठी गेली, आणि जमिनीत रुजलेली झाडे जागेबरोबर गेली.

भराव आणि बंदर

माझगावच्या वाड्यांवर निर्णायक घाव पडला तो गोदीच्या विस्ताराने. १८५८ मध्ये एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी किनाऱ्यावर भराव घालण्यासाठी उभी राहिली. कापसाच्या तेजीत तिच्या जमिनींना सोन्याचा भाव आला. तेजी कोसळल्यावर, १८७० मध्ये सरकारने कंपनीची मालमत्ता विकत घेतली. २६ जून १८७३ रोजी मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजची इंदिरा गोदी, सुरू झाली. १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड रे यांचे नाव याच पट्ट्यातल्या रस्त्याला आणि नंतर स्थानकाला मिळाले.

रे रोडच्या दृष्टीने सर्वांत मोठे काम १९०८ ते १९१२ या वर्षांतले. माझगाव ते शिवडी या किनाऱ्यावर पोर्ट ट्रस्टने भराव घालून सुमारे ५८३ एकर नवी जमीन तयार केली. धान्याची कोठारे, कापसाची गोदामे, कोळशाचे आणि लाकडाचे बंदर यांना तिथे जागा मिळाली. १२ डिसेंबर १९१० रोजी कुर्ला ते रे रोड अशी हार्बर मार्गाची पहिली गाडी धावली. मार्ग पुढे बोरीबंदरला जोडला गेला आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी त्यावर बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची लोकल धावली.

भरावाची जमीन शेतीच्या दृष्टीने जमीनच नव्हे. तळाला खाडीचा खारा गाळ, त्यावर दगड, मुरूम आणि राडारोडा असा तिचा थर असतो. भरतीचे पाणी खालून झिरपते आणि मुळांना खारेपणा लागतो. वरून शतकभर कोळशाची भुकटी, तेल, रसायने आणि दारूखान्यात मोडल्या जाणाऱ्या जहाजांचा गंज, रंग व वंगण पडत राहिले. अशा जमिनीत उंबर, पिंपळ, सुबाभूळ तग धरतात. पण जे खायचे ते अशा मातीत लावणे शहाणपणाचे ठरत नाही. शिवाय ही सारी जमीन पोर्ट ट्रस्टच्या मालकीची आणि वापरणारा भाडेपट्ट्यावरचा किंवा महिनेवारी भाड्याचा. वंशपरंपरेने चालणाऱ्या वाडीची जागा मुदतीच्या कराराने घेतली. आंबा लावण्याचा विचारही अशा करारात बसत नाही.

चाळीतला डबा

गोदी, गिरण्या आणि रेल्वे यांच्यासोबत कामगारांची वस्ती वाढली. भायखळा, लालबाग, परळ, शिवडी इथल्या चाळींत एका खोलीत एक बिऱ्हाड आणि समोर सामाईक गॅलरी असे. छप्पर मंगलोरी कौलांचे, त्यामुळे गच्ची नसे. झाडाला जागा गॅलरीच्या कठड्यावर, खिडकीच्या गजांत किंवा जिन्याच्या कोपऱ्यात.

तिथे वाढणारी झाडे ठरलेली असत: तुळस, कोरफड, मोगरा, ओवा, मिरची, कढीलिंब. फळझाड म्हणून फार तर लिंबाचे किंवा डाळिंबाचे रोप. मातीची कुंडी विकत घेण्याआधी घरात रिकामा झालेला डबा वापरला जाई. घासलेटचा चार गॅलनचा, म्हणजे साधारण अठरा लिटरचा, चौकोनी पत्र्याचा डबा हा त्यांतला जुना. त्याच्या जोडीला आला डालडाचा. हिंदुस्तान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३२ मध्ये शिवडीच्या कारखान्यात वनस्पती तुपाचे उत्पादन सुरू केले आणि १९३७ मध्ये डालडा हे नाव बाजारात आणले. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांपुढे ज्या तुपाच्या पिवळ्या डब्यात तुळस लावली गेली, त्या तुपाचा हा कारखाना रे रोडपासून दोन स्थानकांवर होता. मातीच्या कुंड्यांचा मोठा पुरवठा १९३० च्या दशकात धारावीत स्थिरावलेल्या कुंभारवाड्यातून होई.

डब्याचे गुणदोष लोकांना अनुभवाने कळले. पत्रा उन्हात तापतो आणि कडेची मुळे भाजतात. खारट दमट हवेत दोन-तीन पावसाळ्यांत बूड गंजून सुटते. तळाला भोके पाडली नाहीत तर जुलैत मुळे कुजतात. मातीची कुंडी श्वास घेते, पण वाळते लवकर आणि हलवताना फुटते. गॅलरीतून फळ मिळवणे हा त्या काळी मुख्य हेतू नव्हताच. तरी झाड घरासोबत हलवता येते ही सोय चाळकऱ्यांनी पक्की ओळखली होती. बिऱ्हाड बदलले की तुळशीचा डबा हातगाडीवर चढे.

रुळांलगतचे मळे

इंग्लंडमध्ये शहरी कष्टकऱ्यांना भाजीपाल्यासाठी नाममात्र भाड्याने वाफे देण्याची प्रथा आहे. १९०८ च्या कायद्याने अशी जागा उपलब्ध करून देणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक झाले. एका वाफ्याचे रूढ माप सुमारे २५० चौरस मीटर. दुसऱ्या महायुद्धात हे वाफे लाखोंच्या संख्येने वाढले. मुंबईत या प्रथेच्या जवळ जाणारी गोष्ट एकच, ती म्हणजे रेल्वेच्या रुळांलगतचे मळे.

१९४३ च्या सुमारास, महायुद्ध आणि बंगालचा दुष्काळ यांच्या छायेत, सरकारने 'अधिक धान्य पिकवा' मोहीम सुरू केली. स्वातंत्र्यानंतरही ती चालू राहिली आणि रेल्वेने रुळांलगतच्या पडीक पट्ट्या आपल्या कर्मचाऱ्यांना लागवडीसाठी परवान्यावर देण्याची योजना राबवली. त्यामुळे पट्ट्यांवर अतिक्रमण होत नाही, गवत माजत नाही आणि थोडे भाडे मिळते, हा रेल्वेचा हिशेब. पालक, माठ, मुळा, मेथी, अंबाडी, भेंडी ही मध्य आणि हार्बर मार्गांच्या खिडकीतून दिसणारी हिरवाई याच योजनेतली. पाण्यासाठी अनेक ठिकाणी नाल्यावर विसंबावे लागते. भाजीत जड धातू येत असल्याची तक्रार त्यामुळेच वारंवार झाली.

या मळ्यांत फळझाड सहसा नसते, आणि त्याचे कारण पुन्हा जमिनीच्या हक्कात आहे. परवाना ठरावीक मुदतीचा, रेल्वेला रूळ वाढवायचा झाला की जागा सोडावी लागणारी. मोटरमनच्या नजरेच्या आड येणारे किंवा विजेच्या तारांना भिडणारे उंच झाड तर ठेवताच येत नाही. पालक महिन्याभरात हाती येतो, पेरूला दोन वर्षे लागतात. परवानाधारक पालकच लावतो.

समुद्रमार्गे आलेली स्ट्रॉबेरी

भांड्यात फळ वाढवायचे म्हटले की हल्ली अनेकांच्या डोळ्यांपुढे स्ट्रॉबेरी येते. आजच्या मोठ्या फळाच्या स्ट्रॉबेरीचा जन्मच मुळी कुंड्यांमुळे शक्य झाला. आमेदे-फ्रांस्वा फ्रेझिए या फ्रेंच लष्करी अभियंत्याने चिलीतून तिथल्या मोठ्या फळाच्या जातीची रोपे आणली. सहा महिन्यांच्या प्रवासात, बोटीवरचे गोडे पाणी मोजून वाटले जात असताना, त्याने ती कुंड्यांत जगवली. १७१४ मध्ये तो फ्रान्सला उतरला तेव्हा पाच रोपे जिवंत होती. ती मादी फुलांची असल्याने एकटी फळेनात. ब्रिटनी प्रांतात ती उत्तर अमेरिकेच्या जातीशेजारी लावली गेली, तेव्हा संकर होऊन नवे फळ तयार झाले. १७६६ मध्ये आंत्वान निकोला द्युशेन याने हा संकर ओळखून नोंदवला. जगभरच्या बाजारातली स्ट्रॉबेरी ही त्या संकराची संतती.

महाराष्ट्रात ती महाबळेश्वरला रुजली. १८२८-२९ च्या सुमारास गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तिथे थंड हवेचे ठाणे वसवले. सुमारे १,३७० मीटर उंची आणि थंड कोरडा हिवाळा यांमुळे साहेबांच्या आवडीच्या भाज्या आणि फळे तिथे येऊ लागली. १८३० च्या दशकात तिथे चिनी आणि मलाय कैद्यांसाठी तुरुंग बांधण्यात आला. तो १८६४ पर्यंत चालला. या कैद्यांनी बटाटा आणि इतर विलायती भाज्यांची लागवड तिथे नेटाने केली. स्ट्रॉबेरी मात्र बराच काळ बंगल्यांच्या आवारापुरती आणि थोड्या शेतांपुरती राहिली. १९९० च्या दशकात परदेशी जातींची रोपे आली आणि क्षेत्र झपाट्याने वाढले. स्वीट चार्ली, कॅमारोसा, विंटर डॉन, नाभिला ही नावे शेतकऱ्यांच्या तोंडी बसली. आयात केलेली मातृरोपे पावसाळ्याआधी येतात, त्यांच्या रनरपासून रोपवाटिकेत रोपे होतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मल्चिंग पेपर अंथरलेल्या गादीवाफ्यांवर लागवड होते. देशातल्या स्ट्रॉबेरीचा मोठा वाटा आज महाबळेश्वर-पाचगणी भागातून येतो. २०१० मध्ये या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले.

मुंबईच्या गच्चीवर स्ट्रॉबेरी जगते, पण रमत नाही. तिला फूल धरण्यासाठी लहान दिवस आणि गार रात्री लागतात. मुंबईत डिसेंबर-जानेवारीतही रात्रीचे तापमान सहसा १६ ते १८ अंशांच्या खाली उतरत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस महाबळेश्वरकडून आणलेली रोपे सहा-आठ इंच खोल कुंडीत लावली, गाभा मातीच्या वर ठेवला आणि फळ मातीला टेकू दिले नाही, तर जानेवारी-फेब्रुवारीत मूठभर फळे मिळतात. मार्चच्या उन्हात रोप दमते आणि जूनच्या पावसात गाभा कुजतो. इंग्लंडमध्ये एकच रोप तीन वर्षे फळते. इथे ते एका हंगामाचे पीक समजूनच लावावे लागते.

गच्चीवरची शेती

सिमेंट-काँक्रीटच्या सपाट गच्च्या मुंबईत १९३० च्या दशकापासून वाढल्या. त्यांवर फळझाडे लावण्यात मोठी अडचण होती ती वजनाची. भिजलेली माती घनफुटाला साधारण ४५ किलो भरते. दोनशे लिटरचे पिंप मधोमध कापले तर त्यात सुमारे साडेतीन घनफूट माती मावते, म्हणजे एका झाडाला दीडशे किलोंहून अधिक भार. अशी पंधरा-वीस पिंपे गच्चीवर एकाच ठिकाणी दाटीने मांडणे इमारतीला धोक्याचे.

यावर मुंबईत तोडगा काढला डॉ. आर. टी. दोशी यांनी. वांद्र्याच्या आपल्या घराच्या गच्चीवर त्यांनी मातीऐवजी उसाच्या चिपाडाचा वापर केला. गुऱ्हाळातला तो फुकटचा टाकाऊ पदार्थ. पिंप, प्लास्टिकची पिशवी किंवा जुना टायर यांत तळाला चिपाड भरायचे आणि वर खत मिसळलेल्या मातीचा थोडाच थर द्यायचा. चिपाड पाणी धरते, हवा खेळू देते आणि हळूहळू कुजून खत होते. वजन निम्म्याहून कमी राहते. भाज्यांबरोबर केळी, अंजीर, पेरू आणि आंबासुद्धा या पद्धतीने पिकवता येतात हे त्यांनी दाखवले आणि कार्यशाळा घेऊन इतरांना शिकवले.

दुसरा प्रवाह कोल्हापूरकडचा. गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी १९६० च्या दशकात 'प्रयोग परिवार' ही चळवळ सुरू केली. शेतकऱ्यांनी आपल्याच रानात प्रयोग करावेत आणि निष्कर्ष एकमेकांना सांगावेत, हा तिचा गाभा होता. सांगली-तासगाव भागातल्या द्राक्षबागायतदारांना या चळवळीचा मोठा उपयोग झाला. कमी जागेत, सूर्यप्रकाशाचा पुरेपूर वापर करून आणि काडीकचऱ्यापासून माती घडवून, एका कुटुंबाच्या गरजा भागवता येतात ही त्यांची मांडणी 'विपुलाच सृष्टी' या पुस्तकात आहे. तिचे पुढचे रूप 'नॅच्युइको' शेती या नावाने ओळखले गेले. शेण, गोमूत्र आणि गूळ यांचे अमृतजल आणि त्यात भिजवलेल्या पालापाचोळ्यापासून बनणारी अमृतमाती हे तिचे मुख्य घटक.

हे दोन्ही प्रवाह एकत्र आले ते बंदराच्याच गच्चीवर. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात सुमारे तीन हजार कर्मचाऱ्यांचे जेवण रोज तयार होई आणि त्यातून भाज्यांची देठे, साली, चहाचा चोथा यांचा ढीग निघे. त्याची विल्हेवाट कशी लावावी या प्रश्नातून २००२ च्या सुमारास खानपान अधिकारी प्रीती पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंपाकघराच्या गच्चीवर लागवड सुरू केली. पिंपे, क्रेट, टोपल्या आणि विटा रचून केलेले वाफे यांत हा कचरा जिरू लागला आणि काही वर्षांत तिथे भाज्यांबरोबर फळझाडेही वाढली. बंदराने जी जमीन एकेकाळी वाड्यांपासून घेतली, त्याच बंदराच्या छपरावर फळझाडांना पुन्हा जागा मिळाली. मात्र या वेळी माती स्वयंपाकघरात तयार होत होती. पुढे, २००९ मध्ये, 'अर्बन लीव्ह्ज' हा गट उभा राहिला आणि माटुंग्याच्या महेश्वरी उद्यानात नागरिकांची सामाईक शेती सुरू झाली. तिथे कोणाच्या नावावर वाफा नव्हता. लोक येत, काम करीत आणि निघालेले पीक वाटून घेत.

भांड्यातल्या फळबागेची रीत

या सगळ्या अनुभवातून दक्षिण-मध्य मुंबईत एक रीत पक्की झाली आहे. लिंबू, डाळिंब, अंजीर, तुती, करवंद यांना पन्नास ते साठ लिटरचे भांडे पुरते. पेरू, चिकू, जाम आणि कलमी आंबा यांना शंभर लिटरचे अर्धे पिंप लागते. केळ आणि पपई ही लवकर फळणारी, पण वाऱ्याने कोलमडणारी. खाडीकडून वारा येणाऱ्या उंच गच्चीवर त्यांना भिंतीचा आडोसा हवा. रसायनाचे पिंप धुऊनही वापरू नये. खाद्यतेलाचे किंवा पाण्याचे घ्यावे. पिंप विटांवर ठेवले म्हणजे तळाची भोके मोकळी राहतात आणि गच्चीचे जलरोधक अस्तर खराब होत नाही. दर दोन-तीन वर्षांनी, पावसाळा संपल्यावर, झाड बाहेर काढून कडेची मुळे छाटतात आणि नवे खत भरतात. फळे संपली की फांद्यांची छाटणी होते.

सर्वांत कठीण काळ जून ते सप्टेंबर. दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस या चार महिन्यांत पडतो. जमिनीतल्या झाडाच्या मुळांना खोल थरांत आसरा असतो, भांड्यातल्या झाडाला तो नसतो. खत पाण्याबरोबर वाहून जाते. म्हणून पावसाळ्यात खत थोडे-थोडे आणि वारंवार द्यावे लागते, आणि उन्हाळ्यात पाणी रोज.

मुंबई पोर्ट ट्रस्टचे २०२१ च्या कायद्यानंतर मुंबई बंदर प्राधिकरण झाले आहे. पूर्व किनाऱ्यावर त्याच्या ताब्यात सुमारे १,८०० एकर जमीन आहे. या किनाऱ्याचा पुनर्विकास कसा व्हावा हे सुचवण्यासाठी २०१४ मध्ये राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती आणि तेव्हापासून मोकळ्या जागा, उद्याने व लोकांना खुला किनारा यांची चर्चा चालू आहे. नवी उद्याने झाली तरी भरावाची खारी, दूषित माती बदलल्याशिवाय तिथे खाण्याची फळे पिकवता येणार नाहीत. माती बदलली तरी झाड फळण्याआधी जागा दुसऱ्या कामाला जाणार नाही याची हमी लागेल. ती हमी मिळेपर्यंत या भागातले फळझाड पिंपातच राहील. माझगावच्या डिसूझांना जमिनीचा जो भरवसा होता, तो इथल्या भाडेकरूला, परवानाधारकाला आणि चाळकऱ्याला कधी मिळाला नाही. उचलून नेता येणारे भांडे त्यांनी त्याच्या जागी वापरले.